कमरेएवढं पाणी

नाशकात मी खोली शोधत होते तेव्हा सहा घरमालकांनी मला पहिल्यांदा आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर सहाही जणांना आठवलं की खोली कालच पुतण्याला कबूल केली आहे. त्या काळी नाशकात पुतणे फार झाले होते. सातव्या घराच्या फाटकाशी एक उंच, वाळका म्हातारा हातात मोजपट्टी घेऊन उभा होता. मी खोलीचं विचारलं. तो म्हणाला, "कुठून आलात?"

"मनमाडहून."

"गाडीने की एस.टी.ने?"

"गाडीने. मग नाशिकरोडहून सिटी बस."

"तिकीट किती पडलं? दोन्हींचं?"

मी सांगितलं. वडील रेल्वेत आहेत हेही ओघात बोलून गेले. मग त्याने विचारलं की पास असताना तिकीट का काढलं? मी सांगितलं की पास वर्षाला ठरावीकच मिळतात आणि आई ते तिच्या माहेरासाठी राखून ठेवते. या उत्तराने त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे पास फुकट नसतो. आईचं माहेर खर्ची पडतं," तो म्हणाला आणि खोलीची किल्ली आणायला आत गेला. आडनाव त्याने भाडेपावती लिहिताना विचारलं, लिहिलं आणि टीपकागदाने टिपलं. मी तिथे सात वर्षं राहिले.

ते कालवे-धरणांच्या खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना ओव्हरसियरच म्हणे. मी काका म्हणायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि काकू, मागच्या खोलीत मी आणि त्यामागे मोठं आवार. गंगापूर रोडला पेरूच्या बागा होत्या तेव्हा स्वस्तात घेतलेला प्लॉट तो.

काकांना प्रत्येक गोष्टीची किंमत समजून घ्यायची असे. चिक्कू माणूस किंमत विचारतो ती पाडायला. काका ती पाडत नसत. "भाव करू नये, भाव समजून घ्यावा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दारावर मखमलाबादहून मेथी घेऊन एक बाई यायची. तिला ते ओसरीवर बसवून पाणी द्यायचे आणि चौकशी सुरू करायचे: बी कितीचं, पाटाचं पाणी किती वेळा, खुरपायला किती बाया. ती बिचारी टोपली डोक्यावर घ्यायच्या तयारीत असायची.

"साहेब, जुडी घ्यायची का नाय ते सांगा. मला अजून लय दारं हिंडायचीत."

"तेच म्हणतोय मी. तू तुझं हिंडणं धरलंच नाहीस." आणि ते तिला जुडीमागे पाच पैसे जास्त द्यायचे. ती पैसे कनवटीला लावून जाताना काकूंकडे बघून मान हलवायची. काकूही हलवायच्या.

मी एकदा न राहवून विचारलं, "काका, हे सगळं कळून तुम्हाला मिळतं काय?" त्यांना प्रश्न आवडला. ते म्हणाले, "अहो बाई, एखादी वस्तू कोणाकोणाच्या हातून आली ते किमतीत लिहिलेलं असतं. न वाचता घेतली की मला चोरी केल्यासारखं वाटतं." मी शाळेत गणित शिकवत होते. आठवीच्या पोरींना नफा-तोटा शिकवताना असलं काही माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मी राहायला गेले त्या वर्षी काकू भाजीबाजारापर्यंत चालत जायच्या. थांबत थांबत, दोन ओट्यांवर टेकत, पण जायच्या. गुडघे धरले होते. चतुर्थीला मोदक मांडी घालून न करता स्टुलावर बसून करावे लागले, त्याचंच त्यांना जास्त दुःख. शेवटी काका त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले, मीही बरोबर होते. डॉक्टर म्हणाले, "रोज अर्धा तास कमरेएवढ्या पाण्यात चालायचं. पाण्यात अंग हलकं होतं, गुडघ्यावर भार येत नाही आणि मांड्यांना बळ येतं. हे केलंत तर हिंडत्या-फिरत्या राहाल. नाही केलंत तर चार-पाच वर्षांत खुर्ची धराल."

गोदेच्या घाटावर शेवाळलेल्या पायऱ्या आणि माणसांची रेटारेटी. सार्वजनिक तलाव खोल, त्यात उतरायला सरळ उभी लोखंडी शिडी. काकूंना दोन्ही शक्य नव्हतं. परतताना रिक्षात काका बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "आपल्या आवारातच तलाव बांधू."

काकू म्हणाल्या, "अहो, काहीतरीच. किती पैसे लागतील!"

बस. हे त्यांनी बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका ओसरीवर फुलस्केप कागदाचा गठ्ठा घेऊन बसले आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं: अंदाजपत्रक. लांबी तीस फूट, रुंदी पंधरा, खोली चार ते सहा. डॉक्टर कमरेएवढं म्हणाले होते, पण काकांनी आयुष्यात तलाव म्हणून जे जे पाहिलं होतं त्यातलं हे सर्वांत लहान होतं. याहून लहान काही तलाव म्हणवून घेऊ शकतं हे त्यांच्या डोक्यात येईना.

ते अंदाजपत्रक दीड वर्षं चाललं. माती किती लांब नेऊन टाकायची, किती उंच उचलायची, मुरूम मऊ लागेल की कडक, वाळू दारणेची की गोदेची, दुसऱ्याची गाय आत पडू नये म्हणून कुंपण, गवंड्याचा चहा, चहातली साखर. विटा समजून घ्यायला ते वीटभट्टीवर तीन दिवस जाऊन बसले आणि खोकला घेऊन आले. दर रविवारी मी त्यांचे गुणाकार तपासायचे. एकदा मला तीन पैशांची चूक सापडली, तेव्हा त्यांनी पेढे आणले. पेढ्यांना चार रुपये पडले, ते कुठल्याही पानावर लिहिले नाहीत. मला त्या कामाचा अभिमान वाटायचा, हे आज सांगायची लाज वाटते. चौसष्ट पानं झाली. गल्लीतली माणसं येता-जाता विचारायची, "काय ओव्हरसियर, धरण कुठवर आलं?"

काकू तोवर भाजीबाजारात जायच्या बंद झाल्या होत्या. फाटकापर्यंत येऊन त्या मेथीवालीची वाट बघायच्या.

पुढे सिमेंट अडलं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळे आणि अर्जात कारण लिहावं लागे. काकांनी लिहिलं, "पत्नीच्या गुडघ्यांसाठी पोहण्याचा तलाव." कारकून भला माणूस होता. तो म्हणाला, "साहेब, पाण्याची टाकी लिहा. आठ दिवसांत परमिट देतो."

"पण ती टाकी नाही."

"पाणी राहणार ना त्यात? मग टाकीच."

"टाकीत माणूस उतरत नाही," काका म्हणाले आणि अर्ज तसाच ठेवून आले. मी त्यांना समजावलं, काकूंनी समजावलं. ते ऐकेनात. "चाळीस वर्षांत एक खोटी ओळ लिहिली नाही मी. एक इंच नाही." परमिटला आठ महिने लागले. खोटं न लिहिण्याचे ते आठ महिने काकूंच्या गुडघ्यांनी भरले. पण घरात हे कोणी बोललं नाही, मीसुद्धा नाही.

खणायला हरसूलकडचं एक जोडपं आलं, पांडू आणि त्याची बायको. भात काढून झालं की ती माणसं शहराकडे कामाला यायची. काकांनी सरकारी दराचं पुस्तक काढलं आणि पांडूला विचारलं, "कडक मुरमात एक ब्रास खणायला किती दिवस लागतात तुला?" ब्रास म्हणजे शंभर घनफूट.

पांडू म्हणाला, "वरची माती लोण्यावानी हाय साहेब. मुरूम लागला का मंग हातच सांगतील."

हे उत्तर काकांना पुरलं नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः अर्धी चड्डी घालून खड्ड्यात उतरले. पांडूची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. काकांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुदळ मारली आणि मग आपलंच काम मोजलं. पुस्तकात एका माणसाचं दिवसाचं जे काम लिहिलं होतं, त्याचा पाचवा हिस्साही झाला नव्हता. काकू त्यांच्या तळहातांना तूप लावत होत्या आणि ते समोर बघत होते. "हा दर मी चाळीस वर्षं लिहिला," ते म्हणाले. "दुष्काळी कामावर बायका याच दराने खणायच्या. मोजून वर सही करायचो मी." त्यांचे डोळे भरून आले. तोवर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पांडूला दुप्पट दर सांगितला. पांडू घाबरला. हिशेब चुकता करून म्हातारा कामावरून काढणार असं त्याला वाटलं.

खड्डा पूर्ण झाला, पण मधोमध मातीचा एक खांब उभा राहिला. ही त्यांच्या खात्याची रीत. खणताना मधे एक खांब न खोदता ठेवायचा, वरच्या गवतासकट, म्हणजे मूळ जमीन कुठवर होती आणि किती खोल खणलं ते नंतर मोजता येतं. त्याला साक्षीदार म्हणायचे. मजूर कधी रात्री त्याच्यावर माती चढवून उंची वाढवत, म्हणून गवत बघायचं. ज्याने मोजलं त्याच्या वरच्या साहेबाने पुन्हा मोजून सही केली की मगच खांब पाडायचा.

"मग पाडा आता," काकू म्हणाल्या.

"वरच्याची सही कुठे आहे?"

"अहो, तुम्ही रिटायर झालात!"

"काम रिटायर झालेलं नाही."

त्यांनी आपल्या जुन्या साहेबांना पुण्याला पत्र टाकलं. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, होळी आली. तीस बाय पंधराच्या खड्ड्यात तो खांब डोक्यावर वाळलेलं गवत घेऊन उभा. गल्लीतली पोरं त्याला शेंडी म्हणायची. पांडू आणि त्याची बायको गावी जाऊन परत आली तरी खांब तिथेच. साहेबांचं उत्तर आलं ते त्यांच्या मुलाच्या अक्षरात होतं. त्यांना आता दिसत नव्हतं.

त्या दिवशी काकू उठल्या. माझ्या आणि पांडूच्या बायकोच्या खांद्यांवर हात टाकून खड्ड्याच्या काठापर्यंत आल्या, खुर्ची मागवली आणि बसल्या. "मोजपट्टी धरा," त्या काकांना म्हणाल्या. "या घरात तुमच्या वर मीच आहे. वाचा आकडा. मोठ्याने." काकांनी निमूटपणे मोजून आकडे वाचले. काकूंनी प्रत्येक आकडा दोनदा वाचायला लावला, वहीत लपेटीदार सही केली आणि पांडूला म्हणाल्या, "पाड रे बाबा ते भूत."

बांधकाम मात्र झपाट्याने झालं. ऐन उन्हाळ्यात गवंड्याने आतलं प्लास्टर घोटून घोटून आरशासारखं केलं, हात धुतले आणि म्हणाला, "आता भरून ठेवा साहेब. तीन आठवडे पाणी हललं नाय पाहिजे. कुठून लावताय पाणी?"

काकांनी रिकाम्या तळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले. मी धावत जाऊन चौसष्ट पानं आणली आणि आम्ही दोघं काठावर बसून ती पहिल्यापासून चाळली. चहातली साखर होती. पाणी नव्हतं.

चाळीस वर्षं त्या माणसाने धरणं आणि पाट बांधले होते. तिथे बांधायचं असतं. पाणी आपोआप येतं, पावसाने येतं, त्याची बाब कुठल्याच अंदाजपत्रकात नसते. आणि घरात अर्ध्या इंचाचा नळ, सकाळी तासभर येणारा. आम्ही तिथेच हिशेब केला. घरातलं भागवून रोज तीनशे लिटर उरलं तर तलाव भरायला सात महिने. पण उन्हाळ्यात उघड्या पाण्याची रोज किती वाफ होते हे काकांना तोंडपाठ होतं. एवढ्या मोठ्या तळ्यातून रोज तीनशेपेक्षा जास्त उडालं असतं. म्हणजे तो तलाव सात महिन्यांतच काय, कधीच भरला नसता. उत्तर काढून मी पेन्सिल खाली ठेवली. गुणाकार बरोबर होता.

काका तीन दिवस ओसरीवर बसून होते. मेथीवाली आली तर त्यांनी भाव विचारला नाही. ती घाबरून मला म्हणाली, "बाई, साहेबांना बरं नाय का?" चौथ्या दिवशी सकाळी ते मोजपट्टी घेऊन आत गेले. मला काकूंना उभं करायला बोलावलं. जमिनीपासून काकूंच्या कमरेपर्यंत पट्टी लावली. तीन फूट. मग ते खाली बसले आणि काकूंना म्हणाले, "तुला किती पाणी लागतं हे मी विचारलंच नाही. सगळ्यांना विचारलं. वीटभट्टीवाल्याला विचारलं."

काकू म्हणाल्या, "मला पोहायचं कुठे होतं? मला वाटलं, तुम्हाला हौस आहे."

गवंड्याला परत बोलावून तलावाचा एक कोपरा भिंत घालून तोडला. बारा फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट पाण्याचा. दोन्ही बाजूंना धरायला लाकडी कठडा आणि उतरायला बुटक्या पायऱ्या. दोन आठवड्यांत भरला. बाकीच्या कोरड्या तलावात गल्लीतल्या बायका पापड वाळवायला येऊ लागल्या.

काकूंना पुन्हा डॉक्टरकडे नेलं. आता त्या ओसरीच्या पुढे येत नव्हत्या. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाले, "हे तीन वर्षांपूर्वी सुरू करायला हवं होतं." काकांनी विचारलं, "उशिराचं काय पडेल?" त्या माणसाला उभ्या आयुष्यात कोणी ना कोणी किंमत सांगितली होती. डॉक्टरांनी नुसती मान खाली घातली. मग म्हणाले, "रोज वीस फेऱ्या जमल्या तर खुर्ची अजूनही टळेल. सोडू नका मात्र." मी भिंतीला टेकून उभी होते. मला काकांचा राग आला होता आणि स्वतःचा जास्त. दीड वर्षं दर रविवारी मी ती पानं तपासली होती. काकू बाजारापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून ओसरीपर्यंत मागे आल्या, तेही माझ्या डोळ्यांदेखत. मी फक्त गुणाकार बघत होते.

काकू नऊवारीचा काष्टा घट्ट खोवून पाण्यात उतरायच्या. काका काठावर टॉवेल घेऊन उभे राहायचे आणि फेऱ्या मोजायचे. पहिल्या दिवशी दोन झाल्या. पंधरा दिवसांनी सहा. काका खरा आकडा सांगायचे, जसा असेल तसा. महिन्याभराने आठ, पुन्हा सात, पुन्हा आठ. काकूंचा धीर सुटत चालला होता. पाण्यातून वर येताना एक दिवस त्या रडल्या. म्हणाल्या, "नाही व्हायचं माझ्याने. आणखी आठ दिवस बघते. वीस झाल्या नाहीत तर बुजवा तो हौद, आणि खुर्ची आणा."

काका रोज मोजत होते. नऊ. नऊ. अकरा. दहा. बारा.

आठव्या दिवशी शाळेत जायच्या आधी मी हौदाशेजारच्या दगडावर कपडे धूत होते. काकू कठडा धरून येत-जात होत्या. ओठ आवळलेले, कपाळावर घाम. पाण्यातही माणसाला घाम येतो हे मी तेव्हा पाहिलं. शेवटी त्या कठड्यावर कपाळ टेकून थांबल्या. धाप जरा बसल्यावर त्यांनी मान न वळवताच विचारलं, "किती?"

काका म्हणाले, "वीस."

काकू हळूहळू वळल्या. काकांबरोबर एकेचाळीस वर्षं संसार केलेली बाई ती. "खरं सांगताय?"

"वीस," काका पुन्हा म्हणाले. ते टॉवेलची घडी पुन्हा घालू लागले.

मग काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तू मोजत होतीस ना गं? तू तर गणिताची बाई."

मी मोजत होते. चौदा झाल्या होत्या.

"हो काकू," मी म्हटलं, "वीस."

काका दुसरीकडे बघत होते. काकूंनी पदराने तोंड पुसलं, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि म्हणाल्या, "मग उद्या एकवीस करू."